सीबीसीचा कागद कसा वाचायचा

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट हातात पडला की लोक आधी ठळक छापलेले आकडे शोधतात आणि तिथेच काउंटरवर घाबरतात. लॅबमध्ये मी हे रोज बघते. छापलेली नॉर्मल रेंज साधारण शंभरातल्या पंच्याण्णव निरोगी माणसांची असते. उरलेले पाच ठणठणीत असूनही बाहेर. त्यात कागदावर वीसेक आकडे. एखादा ठळक निघायचाच.

सुरुवात हिमोग्लोबिनपासून करा. पुरुषांत 13, बायकांत 12, गरोदरपणात 11 (मधल्या तीन महिन्यांत 10.5) च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. लंडनला राहणाऱ्या मुलीच्या रिपोर्टवर 125 दिसलं तर दचकू नका. तिकडे लिटरमागे मोजतात, आपण डेसिलिटरमागे, म्हणजे 100 मिलीमागे. आपल्याकडचं ते साडेबारा.

हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लगेच मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणू नका. आधी एमसीव्ही बघा. हा तांबड्या पेशीचा सरासरी आकार, 80 ते 100. खाली असेल तर बहुधा लोह कमी, वर असेल तर बी12 किंवा फोलिक अ‍ॅसिडचा विचार करावा लागतो. लोह आणि बी12 दोन्ही कमी असतील तर काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी नॉर्मल! तिथे आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातल्या फरकाचा आकडा, चुगली करतो; तो 14.5 च्या वर गेलेला असतो.

एक भागाकार मात्र घरी करून बघाच. एमसीव्ही कमी असेल तर त्याला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या आकड्याने भागा. 65 भागिले 5.8 म्हणजे 11 च्या आसपास. उत्तर 13 च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असण्याचा संशय घ्यायचा आणि डॉक्टरांना एचपीएलसीबद्दल, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारायचं. नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार असण्याची शक्यता 25 टक्के, म्हणून हे लग्न ठरवतानाच कळलेलं बरं. सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक मात्र सीबीसीत बहुधा नॉर्मलच दिसतो. आम्हा विदर्भातल्यांनी त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी.

पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000. पुढच्या टक्क्यांनी घाबरू नका, संख्या काढा. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 45 टक्के, पण एकूण पेशी 5,000, तर ते 2,250 झाले. ठीक आहे.

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. मशीन हजारांत छापतं, म्हणून 150 म्हणजे दीड लाख. ताप नाही, कुठे रक्त नाही, आणि अचानक 40,000? जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून असलेल्या ईडीटीएमुळे कधीकधी प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला मोजता येत नाहीत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा सॅम्पल द्या. डेंग्यूत सगळं घर प्लेटलेट मोजत बसतं, पण हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाणही बघा. तो 36 वरून 44 वर चढला, तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असू शकतं. त्यात पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर सकाळची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

जुने रिपोर्ट सोबत आणत जा. कायम 11.8 असणारी बाई आणि 14 वरून 11.8 ला आलेली बाई, डॉक्टर दोघींना वेगवेगळे प्रश्न विचारतील. आणि फक्त सीबीसी असेल तर उपाशी येऊ नका, चहा-पोहे खाऊन या.