ज्वारी-मटकीच्या सॅलडला पाणी सुटायचं, त्यावरचा उपाय

चैत्रात कैरी आली की मी अख्खी ज्वारी आणि मोडाच्या मटकीचं सॅलड करते. पण दोनदा ज्वारी टणक राहिली आणि जेवायला बसेपर्यंत तळाशी पाणी साचलं. फार वाईट वाटलं.

आता ज्वारी 10-12 तास भिजवते, कुकरला 7-8 शिट्ट्या देते आणि वाफ आपोआप जिरू देते. मग निथळून सुती पंचावर पसरते. दाणा फुललेला, तरी सुटा. सगळी गंमत यातच आहे. मटकी 5 मिनिटं नुसती वाफवते, मोड तुटत नाहीत. काकडी बिया काढून बारीक चिरते. किसलेली कैरी, कांदा, कोथिंबीर, वरून गार केलेली हिंग-मोहरीची फोडणी. मीठ मात्र अगदी वाढताना. काल वाडग्याच्या तळाशी थेंबभरही पाणी नव्हतं.