निखळ काळ्या कडकनाथसाठी जोडी लावण्यापूर्वी

पिसांच्या रंगावरून कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीत जेट ब्लॅक (पूर्ण काळा), पेन्सिल्ड (काळ्या पिसांवर फिकट रेघा) आणि गोल्डन (सोनेरी झाक) असे तीन प्रकार मानतात. त्यांपैकी निखळ काळा रंग हवा असेल, तर तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. गेल्या वर्षी मी नवा काळाभोर कोंबडा आणला, तांबड्या गावठी कोंबड्याला त्याच सकाळी डालग्याखाली कोंडले आणि आठव्या दिवसापासूनची अंडी उबवायला ठेवली. पुढे बारांपैकी पाच पिल्लांच्या मानेवर तांबूस पिसे फुटली.

म्हणून सर्वांत आधी कोंबड्या प्रत्येक नरापासून पूर्ण तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. नराचे वीर्य कोंबडीच्या अंडनलिकेत दोन ते तीन आठवडे जिवंत राहते, त्यामुळे कोंबडा बदलला म्हणजे पिल्लांचा बाप बदलला असे होत नाही. शेजारच्या कोंबड्याने कुंपणावरून एकदा जरी उडी मारली, तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. शंका असल्यास या काळातली अंडी फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहावा: तो लहान आणि भरीव असेल तर अंडे निर्बीज असते, त्याभोवती कडे दिसले तर अजून थांबावे. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस, पंधरा नव्हेत.

कोंबडा निवडताना मानेची व पाठीची पिसे उन्हात उलटून पाहावीत आणि मुळाशी तांबूस किंवा सोनेरी झाक दिसल्यास तो बाजूला काढावा. काळी जीभ आणि काळी कातडी पाहून भुलू नये, कारण ती संकरित पिल्लांतही पुष्कळदा उतरते. सख्ख्या भावंडांची जोडी लावू नये. जंतनाशक, उवा, लसीकरण ही कामे नेहमीचीच आहेत. कोंबड्याच्या पायामागची टोकदार नखी मात्र घासून बोथट करावी, नाहीतर कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात. एका नरामागे आठ माद्या पुरेत.

जोडी लावल्यावर पहिल्या आठवड्यातली अंडी सोडून द्यावीत. पुढची अंडी सात दिवसांच्या आत उबवणीला ठेवावीत. कडकनाथ सहसा अंड्यांवर बसत नाही, म्हणून गावठी खुडूक कोंबडी घ्यावी, तिची स्वतःची अंडी आधी काढून टाकावीत आणि आपल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी. तीन आठवड्यांचा हिशेब कुठे चुकला असेल, तर या अंड्यांचे ऑम्लेट करावे.