शोधगंगेत काही सापडलं नाही? आधी शब्द बदला

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, मी ऐटीत लिहिलं होतं, ‘पुण्याच्या मंडईवर आजवर संशोधन झालेलं नाही.’ पुरावा काय, तर शोधगंगेत, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, ‘महात्मा फुले मंडई’ टाकलं आणि पाटी कोरी. समितीतल्या एका बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “रे मार्केट टाकून पाहिलंत?” नव्हतं पाहिलं. सिनॉप्सिस परत आला, आणि बसस्टॉपपर्यंत मी कशीबशी डोळे कोरडे ठेवून आले.

ही चूक नीट समजून घ्या, कारण तुम्हीही करणार आहात. मंडईची इमारत १८८६ साली खुली झाली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. फुल्यांचं नाव नंतर आलं. जुन्या इंग्रजी कागदात ‘मंडई’ हा शब्द मिळेलच असं नाही, आणि गावही ‘पुणे’ नाही, ‘पूना’ आहे. १८८५चा मुंबई इलाख्याचा गॅझेटिअर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे, पण पुण्याचा खंड हवा तर ‘पूना’च टाकावं लागतं. मराठीतही सुटका नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं पुस्तक ‘पुणें’ लिहितं, डोक्यावर टिंब देऊन. शोधयंत्राला ते टिंब म्हणजे वेगळाच शब्द. रोमन लिपीत नोंद करणाऱ्याने तर कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. वतनाचं स्पेलिंग व्हीने पण बघा, डब्ल्यूने पण.

याहून छुपी भानगड फाँटची. अनेक जुने मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप झालेत. स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतं, पण ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा भुसा पडतो. अशा पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ आंधळं असतं. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच. म्हणून प्रकरणांच्या फायली एकेक उघडा, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची डोळ्यांनी वाचा. कंटाळवाणं आहे. करा.

बाकीचं त्यामानाने सोपं आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ला सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली झाली. घरून वाचायचं असेल तर ग्रंथालयाकडून लॉगिन घ्या. संदर्भ जमवून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी टाका, शेवटच्या महिन्यात संदर्भ जुळवत बसणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. आणि एआयला संदर्भ मागू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र जन्मालाच आलेला नसतो.

गाइडवर विसंबू नका, असं मी म्हणते तेव्हा मैत्रिणी दचकतात. गाइडला विषय कळतो. नोंद कुठल्या स्पेलिंगने केलीय ते ग्रंथालयातल्या माणसाला कळतं. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पहिलं वर्षभर मी काउंटरवर काही विचारलंच नाही, लाजत होते. शेवटी विचारलं तेव्हा समोरच्या काकांनी एका चिठ्ठीवर माझ्या विषयाचे अकरा शब्द लिहून दिले, वहीच्या मागच्या पानावर अजून चिकटवलेली आहे. घाबरू नका, दुसऱ्या फेरीत माझा सिनॉप्सिस मंजूर झाला. ते ऐटीतलं वाक्य तेवढं काढलं.