शिक्क्यांच्या कार्डांसाठी जलरंगाचे साहित्य कसे निवडावे

शिक्क्याने कागदावर चित्राची रेघ उमटवायची आणि ती जलरंगांनी भरून कार्ड तयार करायचे, या छंदाची खरेदी बहुतेक जण रंगांच्या पेटीपासून सुरू करतात. ४८ रंगांची उघडी पेटी समोर असली की कागदाचा विचार कोण करणार? प्रत्यक्षात या कामात विचाराचा आणि खर्चाचाही क्रम नेमका उलटा असायला हवा : आधी कागद, त्यानंतर शाई, मग ब्रश आणि सर्वांत शेवटी रंग. रंगवायची जागा एखाद्या पाकळीएवढी किंवा पक्ष्याच्या पंखाएवढी असते आणि तिला थेंबभर रंगही पुरून उरतो. कागदावर मात्र दोन परस्परविरोधी कामे येऊन पडतात. शिक्क्याची बारीक रेघ कुठेही न तुटता उमटावी म्हणून तो गुळगुळीत हवा आणि त्यावर पाणी खेळवायचे म्हणून तो जाड, पाणी मुरवणारा, किंचित खरबरीतही हवा. या दोन मागण्यांचा मेळ कसा घालायचा, हाच साहित्य निवडण्यातला मुख्य प्रश्न आहे.

साधे कार्डस्टॉक, म्हणजे कार्डांसाठी मिळणारा नेहमीचा कागद, हाताला जाड लागते, पण ते जलरंगांसाठी बनवलेले नसते. ब्रशचा दुसरा हात फिरताच त्यातला लगदा सुटू लागतो, पृष्ठभागावर पापुद्रे येतात आणि रंग जिथे टेकवला तिथेच शोषला जाऊन त्याचा डाग पडतो. जलरंगांच्या कागदाला पृष्ठभागावर किंवा लगद्यातच खळ दिलेली असते. तिच्यामुळे पाणी काही काळ वरच थांबते आणि तेवढ्या वेळात रंग ओढता, मिसळता किंवा टिपून घेता येतो. म्हणून कागद घेताना त्यावर ‘वॉटरकलर’ असे लिहिलेले आहे ना, हे आधी पाहावे आणि वजन पाहावे ते त्यानंतर. कार्डाच्या कामाला ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम), म्हणजेच जुन्या मापाने १४० पौंड, हे वजन योग्य ठरते. याहून हलका कागद ओला झाला की लाटांसारखा उठतो आणि रंग त्याच्या खळग्यांत जाऊन साचतो.

पोताचे तीन प्रकार सर्रास मिळतात. गरम रुळांतून काढलेला ‘हॉट प्रेस’ गुळगुळीत असतो, ‘कोल्ड प्रेस’ मध्यम खरबरीत असतो आणि ‘रफ’ नावाप्रमाणेच खडबडीत असतो. रफ कागद शिक्क्यांच्या कामातून सरळ वगळावा. शिक्क्यात बारीक रेघा, अक्षरे किंवा पिसांचे तपशील असतील तर हॉट प्रेस घ्यावा. आकृती मोठी, ठळक रेघांची आणि आत भरपूर मोकळी जागा असलेली असेल, तर कोल्ड प्रेसवर रंग अधिक सुंदर बसतो, कारण त्याच्या दाण्यांत पाणी सावकाश फिरते. हॉट प्रेसवर रंग पटकन वाळतो आणि कडा लवकर पक्क्या होतात. नवशिक्याला त्यामुळे आपलाच हात चुकतो आहे असे वाटते, पण तो बराचसा त्या पृष्ठभागाचा स्वभाव असतो. काही कोल्ड प्रेस कागदांची एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत असते. तुकडा उजेडात तिरका धरून दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून पाहावे आणि ठसा गुळगुळीत बाजूवर घ्यावा. सुती आणि लाकडाच्या लगद्याचा कागद यांत निवड करायची झाली, तर सरावासाठी लगद्याचा आणि द्यायच्या कार्डांसाठी सुती, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते. सुती कागद जास्त वेळ ओला राहतो, त्यामुळे एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद जाता येते. लगद्याच्या कागदावर रंग वरवर बसतो. तो उचलून घेणे सोपे असते, पण दुसरा थर देताना खालचा थर हलतो. आर्श कंपनीच्या कागदासारखा पूर्ण सुती कागद महाग असला, तरी एका मोठ्या तावातून बरीच कार्डे निघतात. तो घेण्यासाठी भारी रंग घेण्याचे पुढे ढकलावे लागले तरी चालेल.

कोल्ड प्रेसवर पहिला ठसा अर्धवट येणे ही नेहमीची तक्रार आहे. शाई दाण्यांच्या माथ्यावर लागते आणि खळगे कोरे राहतात. शिक्का आणखी जोराने दाबणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याने रेघा नुसत्या जाड होतात. झाकण मिटून ठसा घेण्याचे जे साधन मिळते, ज्याला स्टँपिंग प्लॅटफॉर्म म्हणतात, त्यात कागद लोहचुंबकाने जागच्या जागी राहतो आणि शिक्का झाकणाला चिकटलेला असतो. शाई पुन्हा लावून नेमक्या त्याच जागी दोन-तीनदा ठसा घेता येतो. जलरंगाच्या कागदावर नियमित काम करणाऱ्याने चैनीची वस्तू म्हणून ते टाळू नये. एक चांगला ब्रश कमी घेतला तरी चालेल, असे मी म्हणेन.

आता शाई. इथे होणारी चूक पूर्ण झालेल्या चित्रावर पाणी फिरवते, अगदी शब्दशः. काळी दिसणारी प्रत्येक शाई पाण्याला टिकत नाही. मेमेंटोसारखी डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, अल्कोहोल मार्करसाठी (अल्कोहोलवर आधारित रंगीत पेनांसाठी) उत्तम असते, पण ओला ब्रश लागताच ती फुटते. जलरंगांसाठी वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी शाई लागते, म्हणजे व्हर्साफाइनसारखी पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई, रेंजरची आर्कायव्हल किंवा स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई. व्हर्साफाइनने बारीक तपशील फार छान उमटतो, पण ती सावकाश वाळते, म्हणून ठसा घेतल्यावर तो बाजूला ठेवून द्यावा किंवा हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, थोडा तापवून घ्यावा. स्टेझऑन झपाट्याने वाळते, मात्र ती पारदर्शक शिक्क्यांवर डाग सोडते आणि साध्या पाण्याने निघत नाही. हे सारे सांगितले तरी शाई आणि कागद यांची जोडी प्रत्यक्ष तपासून घेणे चुकत नाही, कारण एका कागदावर पक्की ठरलेली शाई दुसऱ्या कागदावर खळीच्या फरकामुळे वरच राहू शकते.

ही तपासणी करण्यासाठी वापरायच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून घ्यावी. हाताशी असलेल्या प्रत्येक काळ्या शाईने तिच्यावर एकाच शिक्क्याचा ठसा घ्यावा आणि खाली पेन्सिलीने शाईचे नाव लिहावे. ठसा वाळला की स्वच्छ पाण्याने भरलेला ब्रश रेघेच्या आतून बाहेर, तिला ओलांडत न्यावा आणि तिथेच दोन-तीन वेळा हलकेच घोळवावा. मग पाण्याच्या कडेकडे पाहावे. कड स्वच्छ राहिली तर शाई पक्की आहे. कडेला राखाडी, क्वचित जांभळट छटा दिसली, तर तीच छटा उद्या पिवळ्या सूर्यफुलात मिसळून ते मळकट करणार आहे. नवा कागद किंवा नवी शाई आली की ही पट्टी पुन्हा करावी आणि पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवावी.

शाईच्या भानगडीत न पडता सुरुवात करायची असेल, तर एम्बॉसिंगचा, म्हणजे रेघ उठावदार करण्याचा, मार्ग सर्वांत क्षमाशील आहे. व्हर्सामार्कसारख्या चिकट, पारदर्शक शाईने ठसा घ्यायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि हीट गनने तापवायची. पावडर वितळून रेघेचा उंच, चकचकीत बांध तयार होतो आणि पाणी तो सहसा ओलांडत नाही. पाकळीत भरलेला रंग पाकळीतच राहतो. पावडर घालण्याआधी कागदावरून अँटी-स्टॅटिक पावडरची (कागदावरची स्थिर वीज घालवणाऱ्या पावडरची) पुरचुंडी फिरवायला विसरू नये, नाहीतर कण नको तिथे चिकटतात आणि तापवल्यावर कायमचे तिथेच बसतात. गुंतागुंतीच्या बारीक शिक्क्यांसाठी ‘डिटेल’ म्हणून मिळणारी बारीक दळाची पावडर घ्यावी, कारण साध्या पावडरीने जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात.

याच्या अगदी उलट, रेघ दिसूच नये अशी एक पद्धत आहे. पाण्यात विरघळणाऱ्या फिकट शाईने, उदाहरणार्थ फिकट करड्या किंवा बदामी रंगाच्या डिस्ट्रेस शाईने, ठसा घ्यायचा आणि रंग भरताना ती रेघ रंगातच विरून जाऊ द्यायची. परिणाम मुक्तहस्त चित्रासारखा दिसतो. मात्र कोणता भाग पुढे आणि कोणता मागे हे रेघेऐवजी छटांनी दाखवावे लागते, म्हणून हा प्रकार हात बसल्यावरच घ्यावा. शिक्का विकत घेताना हे सगळे लक्षात असले की निवड आपोआप सोपी होते : आतून छायारेषांनी भरलेली आकृती टाळावी आणि मोकळी बाह्यरेषा असलेली घ्यावी. नव्या पारदर्शक शिक्क्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होत असेल, तर त्यावरून पांढरे खोडरबर हलकेच फिरवून शिक्का पुसून घ्यावा. शाई एकसारखी धरू लागते.

ब्रशच्या बाबतीत दोनच गोल ब्रश पुरेसे आहेत : एक २ क्रमांकाचा आणि एक ४ किंवा ६ क्रमांकाचा. क्रमांकांचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे केवळ आकड्यावर भरवसा ठेवू नये. ब्रश ओला करून एकदा झटकावा. केस एका टोकात जुळून आले तर तो ब्रश चांगला, दोन टोके झाली किंवा एखादा केस बाहेर राहिला तर तो ठेवून द्यावा. छोट्या जागेसाठी अगदी चिमुकला, तीन शून्यांचा ब्रश घेण्याची ओढ प्रत्येकाला असते, पण त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि पाकळीच्या मध्यावरच तो कोरडा पडतो. टोकदार ४ क्रमांकाचा ब्रश तेच काम एका फटक्यात करतो. कोलिन्स्की सेबल या प्राणिज केसांचे ब्रश अप्रतिम असतात हे खरेच, पण ते खूप पाणी धरतात आणि एवढ्याशा जागेत इतके पाणी नकोच असते. चांगला कृत्रिम केसांचा ब्रश इथे अधिक सोयीचा पडतो. खारीच्या केसांचा मऊ ब्रश आकाशासारख्या मोठ्या जागेसाठी राखावा. दांड्यात पाणी भरायचा वॉटर ब्रश प्रवासात उपयोगी पडतो, पण त्याच्यातून नको त्या क्षणी थेंब सुटतो.

ब्रश आपल्याला जमतो आहे की नाही हे एका पाकळीत कळते. पाकळीच्या देठाकडच्या टोकाला, जिथे सावली हवी तिथे, दाट रंगाचा छोटा ठिपका ठेवावा. लगेच ब्रश धुऊन कागदी रुमालावर एकदा टेकवावा, म्हणजे तो नुसता ओलसर राहील. मग त्याने ठिपक्याची कड धरून रंग पाकळीच्या दुसऱ्या टोकाकडे ओढावा. ब्रशमध्ये पाणी जास्त राहिले असेल, तर ते ओल्या रंगात घुसून दातेरी कडांचा पांढुरका डाग पाडते. ब्रश फार कोरडा असेल, तर रंग ओढलाच जात नाही, नुसता पुसला जातो. रुमालावर टेकवण्याची ती एक कृती सवयीची झाली की निम्मे काम झाले, म्हणून रुमाल ब्रशच्याच हाताशी ठेवावा.

शेवटी रंग. वड्यांच्या स्वरूपातले पॅन रंग कार्डासाठी सर्वांत सुटसुटीत असतात, कारण एका वेळी लागणारा रंग फार थोडा असतो. ट्यूबमधला रंगही रिकाम्या पॅनमध्ये वाळवून तसाच वापरता येतो. १२ रंग भरपूर झाले. खरे तर एक पिवळा, एक गुलाबी, दोन निळे, एक तपकिरी आणि एक हिरवा एवढ्यावर वर्ष निघते. मात्र रंग पारदर्शक असावेत. स्वस्त संचांतले अपारदर्शक, भुकटी मिसळलेले रंग काळ्या रेघेवर दुधाळ पापुद्रा सोडतात आणि शाईचा काळेपणा मरतो. वेष्टनावरचा पिगमेंटचा क्रमांक वाचायची सवय लावून घ्यावी. पीव्ही १९ हा स्वच्छ गुलाबी, पीबी २९ हा अल्ट्रामरीन निळा, पीबी १५ हा थॅलो निळा, पीबीआर ७ हा बर्न्ट सिएना. प्रत्येकी एकाच पिगमेंटपासून बनलेले दोन रंग एकमेकांत मिसळले तर सहसा मळत नाहीत, तीन-चार पिगमेंटचे मिश्रण मात्र लवकर चिखलावते. थॅलो निळा कागद पकडून ठेवतो आणि नंतर उचलता येत नाही. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलता येतो, पण तो दाणे सोडतो आणि एवढ्याशा पाकळीत ते दाणे धुळीसारखे दिसू शकतात.

ब्रश पेन, पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली आणि शाईचे पॅड हे पर्यायही दुय्यम मानू नयेत. कुरेताकेच्या झिग क्लीन कलर ब्रश पेनांनी कडेला रंग लावून ओल्या ब्रशने ओढला की छटा चटकन मिळते. फेबर-कॅस्टेलच्या आल्ब्रेख्त ड्यूरर पेन्सिली ज्यांचा हात पाण्याला घाबरतो त्यांच्यासाठी आहेत. डरवेंटच्या इंकटेन्स एकदा ओल्या करून वाळवल्या की पक्क्या होतात, त्यामुळे त्यांच्यावर दुसरा थर निर्धास्त देता येतो. डिस्ट्रेस पॅड प्लॅस्टिकच्या जाड पत्र्यावर टेकवून, त्या शाईत पाणी घालून ती रंगासारखी वापरता येते. यांतली डाय रंगांची साधने, म्हणजे ब्रश पेन आणि डिस्ट्रेस शाई, उन्हात फिकी पडतात, पण पाकिटातून जाणाऱ्या कार्डाला त्याने फारसे बिघडत नाही. चौकटीत लावायच्या कार्डासाठी मात्र प्रकाशात टिकणारे पिगमेंट रंगच वापरावेत.

बाकी साहित्य घरातले चालते : पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाण्यासाठी, आणि रंग मिसळायला चिनी मातीची पांढरी बशी. नव्या प्लॅस्टिक पॅलेटवर रंग गोळ्यागोळ्यांनी पळतो, बशीवर तो पसरून राहतो आणि त्याची खरी छटा दिसते. कागदाचा भाग कोरा राखण्यासाठी लावायचा रबरी द्रव, म्हणजे मास्किंग फ्लुइड, वापरायचे असेल तर त्यासाठी जुना ब्रश राखून ठेवावा, कारण त्यातले रबर केसांत एकदा वाळले की ब्रश गेलाच.

रंगवलेला जाड कागद थेट दुमडून कार्ड करू नये. घडीवर त्याचे तंतू तुटतात आणि कड पांढरी पडते. चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवावे, पूर्ण वाळू द्यावे, मग पालथे ठेवून पाठीवर पाण्याचा अगदी हलका हात फिरवावा, वर-खाली कोरे कागद घालून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवावे. एम्बॉसिंग केलेल्या चित्रावर वजन कमी ठेवावे. सकाळी तो तुकडा सपाट झालेला असतो. तो दुमडलेल्या कार्डस्टॉकवर चिकटवावा आणि तरीही थोडा बाक राहिलाच असेल, तर गोंदाऐवजी फोमची दुहेरी चिकटपट्टी वापरावी, म्हणजे उरलेला बाक तिच्या जाडीत लपतो.