थंड मालाचं अ‍ॅग्रीमेंट सही करायच्या आधी

पनीर असू दे, श्रीखंड असू दे नाहीतर फ्रोझन काही, कोल्हापुरातनं पुण्याला किंवा गोव्याला मोठ्या गिऱ्हाइकाला माल घालायचा म्हटलं की आता साध्या पर्चेस ऑर्डरवर काम होत नाही, जाडजूड अ‍ॅग्रीमेंट येतं आणि त्यात मधेच कुठंतरी एक ओळ असते की माल ५ अंश किंवा त्याच्या खाली पोच केला जाईल. वाचून आपण म्हणतो, हे तर आपण करतोयच की. मी पण तेच म्हणून सही ठोकली होती आणि पनीरची भरलेली गाडी पुण्याच्या गेटवरनं परत आली, वर डेबिट नोट (आपल्या बिलातनं पैसे कापल्याचा कागद). म्हणून हे लिहितोय. लायसन, जीएसटी, पॅकिंगवरचं लेबल वगैरे सांगत बसत नाही, ते नसेल तर तुम्ही अजून या वाटेला लागू नका.

आधी आकडा बघा. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा खात्याच्या) लायसन नियमांच्या शेड्यूल ४ मधे थंड पदार्थ ५ अंश किंवा खाली आणि फ्रोझन उणे १८ किंवा खाली असं आहे, हा पाया धरा. काही खरेदीदार ० ते ४ लिहितात, काहीजण चक्क २ ते ८ लिहितात, जे लस आणि औषधांचं आहे, कुणाच्या तरी जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधनं उचललेलं असतं. आकडा काय का असेना, आपलं कोल्ड रूम तिथवर जातंय का हे एप्रिल-मेच्या दुपारी बघा, डिसेंबरात नको. आणि दारावरच्या डिस्प्लेवर बघू नका, मालाच्या पोटात प्रोब (थर्मामीटरची सुई) घालून बघा. पाच किलोचा पनीरचा ब्लॉक बाहेरनं ४ दाखवतो तेव्हा आत ९-१० असू शकतो, बासुंदी गरम भरली असेल तर विचारूच नका. जमत नसेल तर आकडा बदलून घ्या, लाजायचं काय त्यात.

आता मेन गोष्ट. ५ अंश म्हणजे कुठले ५ अंश? गाडीतल्या हवेचे, बॉक्सच्या बाहेरचे, पाकिटाच्या पृष्ठभागाचे का मालाच्या गाभ्याचे? मोजायचं कधी, दार उघडल्याबरोबर, का माल डॉकवर (माल उतरवायच्या ओट्यावर) उतरून हमाल चहा पिऊन आल्यावर? आणि कुणाच्या थर्मामीटरनं? हे तीन प्रश्न: कुठं, कधी, कशानं. यांची उत्तरं अ‍ॅग्रीमेंटमधे लेखी नसतील तर तो ५ चा आकडा नुसता शोभेचा आहे, आणि शोभेचा म्हणजे कायम समोरच्याच्या बाजूनं. माझ्या गाडीला काय झालं तर गेटवर तासभर थांबवली, मग दार उघडून बॉक्स खाली काढले आणि तिथल्या पोरानं इन्फ्रारेड गन (न टेकवता तापमान दाखवणारी बंदूक) खाकी बॉक्सवर मारली. आकडा आला ११. मालाच्या आत प्रोब घाला म्हणून ड्रायव्हर सांगत होता, पण कागदात कुठं लिहिलंय म्हटल्यावर तो काय बोलणार.

ती बंदूक फक्त वरचा थर बघते, आतलं तिला काही कळत नाही. चकचकीत फॉइलचं पाकीट असेल तर आजूबाजूची उष्णता त्यावरनं परावर्तित होऊन आकडा आणखीनच भलता येतो. तर लिहून काय घ्यायचं ते सांगतो. बंदूक चाळणी म्हणून वापरली तर वापरू दे, त्यावर रिजेक्शन नाही. शंका आली तर दोन पाकिटांच्या मधे चपटा प्रोब दाबून धरायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. त्यातही जास्त आला तर पाकीट फोडून गाभ्यात प्रोब, आणि शेवटचा शब्द गाभ्याचा. किती बॉक्स तपासायचे आणि गाडीच्या कुठल्या भागातले हेही लिहा, कारण दाराजवळचा वरचा बॉक्स बहुतेक वेळा सगळ्यात गरम असतो आणि तोच हाताला येतो. एवढं सगळं मूळ कागदाला जोडायच्या एका अर्ध्या पानाच्या अ‍ॅनेक्शरमधे बसतं. अर्धं पान!

थर्मामीटर. दोघांचाही एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या लॅबमधनं कॅलिब्रेट केलेला, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो का ते तपासून घेतलेला असावा, सर्टिफिकेटची तारीख चालू असावी. पण सर्टिफिकेट फायलीत असतं आणि प्रोब पोरांच्या हातात पडत असतो, म्हणून आठवड्यातनं एकदा बर्फात तपासा: बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, ढवळा, प्रोब मधोमध धरा, तळाला टेकवू नका, ० च्या आसपास यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात तपासत असाल तर एक लक्षात ठेवा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, त्यामुळं १०० येत नाही म्हणून चांगला थर्मामीटर फेकून देऊ नका. शिवाय ± चा मुद्दा. थर्मामीटर अर्ध्या अंशानं इकडंतिकडं असू शकतो असं त्याच्या कागदावरच असतं, मग ५.३ आलं तर माल पास का नापास? हेसुद्धा आधी ठरवा. दोन थर्मामीटर वेगळे आकडे दाखवायला लागले तर कुणाचा धरायचा, तेही. परत तेच आलं बघा: कुठं, कधी, कशानं.

गाडीबद्दल. रीफर गाडी, म्हणजे कूलिंगची गाडी, थंड माल थंड ठेवते, गरम माल थंड करत नाही, हे मालकांनाच माहीत नसतं तर ड्रायव्हरला कुठनं असणार. लोडिंगच्या आधी गाडी रिकामी असताना थंड करून घ्या, भरताना भिंतीला आणि छताला फट सोडा, हवा परत खेचायची जाळी बॉक्सांनी बुजवू नका. डिस्प्लेवरचा आकडा आत सोडलेल्या हवेचा आहे का परत खेचलेल्या हवेचा हे गाडीवाल्याला विचारा, दोन्हीत फरक पडतो. जुलै-ऑगस्टात दार उघडं ठेवून निवांत लोडिंग केलं की दमट हवा आत शिरते, कॉइलवर बर्फ धरतो, मग डीफ्रॉस्ट (तो बर्फ वितळवणं) सारखा चालू होतो आणि त्या वेळात हवेचा आकडा वर जातो. माल तेवढ्यात गरम होत नाही, पण डेटा लॉगरच्या (तापमान आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राच्या) ग्राफवर टेकाड दिसतं आणि क्वालिटीवाला नेमकं त्या टेकाडावर बोट ठेवतो. म्हणून क्लॉजमधे 'कोणत्याही क्षणी' हा शब्द असेल तर काढायला लावा, त्याऐवजी सलग किती मिनिटं किती अंशांच्या वर गेलं तर बिघाड धरायचा ते टाका. लॉगर कुठं ठेवायचा, किती मिनिटांनी नोंद घ्यायची, घड्याळ बरोबर आहे का, आणि डेटा कुणाकडं राहणार, हे पण. दोन लॉगर टाका, एक दाराजवळ आणि एक मालाच्या मधे, पैशाकडं बघू नका.

आणि 'कधी'. यावर परत येतो कारण सगळा खेळ इथंच होतो. तुमची जबाबदारी गेट एंट्रीच्या शिक्क्यावर संपते का डॉकवर दार उघडल्यावर का त्यांच्या कोल्ड रूममधे माल गेल्यावर? पुण्याकडचे काही वेअरहाऊसवाले गाडी आत घेतल्यावर इंजिन बंद करायला लावतात. बऱ्याच छोट्या रीफर गाड्यांचं कूलिंग इंजिनवरच चालतं, म्हणजे तुम्ही रांगेत उभे आणि माल तापायला लागलेला, आणि दोष तुमचा. लिहून घ्या की गेटवर आल्यापासून अमुक वेळात डॉक मिळाला नाही तर त्यानंतरच्या तापमानाची जबाबदारी खरेदीदाराची, किंवा बाहेरनं वीज जोडायला पॉइंट द्यायचा (गाडीला ती सोय आहे का ते आधी बघा). पहिलं मोजमाप दार उघडल्याबरोबर, माल गाडीत असतानाच, ड्रायव्हरच्या समोर, आणि प्रोबसकट आकड्याचा फोटो. हे नसेल तर सही करू नका. खरंच करू नका.

आता माणसांचं, कारण तापमान फक्त मालाला लागतं असं नाही आणि मोठे खरेदीदार ऑडिटला येतात तेव्हा हेही बघतात. पॅकिंग रूम १०-१२ अंशावर ठेवा असं अ‍ॅग्रीमेंटमधे असेल तर तिथं आठ तास उभं राहणाऱ्या बायकांना जॅकेट, हातमोजे, पायात नीट बूट आणि मधे गरम जागेत बसायला वेळ द्यावा लागतो, तो खर्च रेटमधे धरा. उलट खव्याच्या कढया आणि बॉयलरच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधे मेमधे काय होतं ते गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कुणीही सांगेल, आणि शिरोलीत फाउंड्रीवाल्यांना तर ते बारा महिने. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम १३ मधे सगळ्या कामाच्या जागांना एकच आकडा दिलेला नव्हता, वाजवी आरामदायक वाटेल आणि तब्येतीला इजा होणार नाही असं तापमान, एवढंच होतं. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पिण्याचं पाणी हे कलम १८ मधे होतं. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत आणि त्यात कंत्राटी कामगारांच्या अशा सोयी मुख्य मालकाच्या, म्हणजे ज्याच्याकडं काम चालतं त्याच्या, गळ्यात आहेत, त्यामुळं 'माणसं कॉन्ट्रॅक्टरची आहेत' हे चालणार नाही. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या कागदात जॅकेट कोण देणार, थंड खोलीतनं पाळी किती वेळानं बदलणार, हे स्पष्ट लिहा. कोल्ड रूमचं दार आतनं उघडतं का ते आजच जाऊन बघा, उद्या नाही.

पूर. हसू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि पुण्याकडची वाहतूक ठप्प झाली, रीफर गाडी डिझेल संपेपर्यंतच रीफर असते. फोर्स मेज्युअरच्या (आपल्या हाताबाहेरच्या संकटाच्या) क्लॉजमधे पूर आणि महामार्ग बंद हे शब्द नावानिशी पाहिजेत, 'दैवी आपत्ती' एवढ्यावर भांडण होतं. सातारा ते कागल रस्त्याच्या कामाची डायव्हर्जन वेगळीच, म्हणून पोचायची वेळ जरा सैल घ्या. महावितरण गेल्यावर जनरेटर आपोआप चालू होतो का, आणि रविवारी रात्री डिझेल असतं का.

पैशाचं पटकन. दंडाचा आकडा छापला म्हणून तो तसाच्या तसा वसूल होतो असं नाही, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे तो वरची मर्यादा असतो आणि भरपाई वाजवीच मिळते, पण तुमच्या बिलातनं कापून घेतल्यावर कोर्टात कोण जातंय, म्हणून बिलातनं परस्पर कपात नको असं लिहा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर नंबर बिलावर टाका. एमएसएमई कायद्यात मालाबद्दलची हरकत १५ दिवसांत लेखी यावी लागते आणि पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. पण थंड मालाला १५ दिवस म्हणजे फारच झाले, अ‍ॅग्रीमेंटमधे त्याच दिवशी लेखी हरकत असं घ्या. रिजेक्ट माल परत येणार का तिथंच नष्ट होणार, कोणाच्या खर्चानं, पुरावा काय. इन्शुरन्सला एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, गाडीचं कूलिंग बंद पडून माल खराब झाला तर पॉलिसीत धरलंय का, हे लेखी विचारा.

सहीच्या दिवशी: प्रत्येक पानावर इनिशियल, मोजमापाच्या अ‍ॅनेक्शरवर दोघांचीही पूर्ण सही, मुख्य अ‍ॅग्रीमेंटमधे 'हे अ‍ॅनेक्शर याचाच भाग' ही ओळ आहे का बघा, नसेल तर ते अर्धं पान कुणी मानणार नाही. त्याची मराठी झेरॉक्स ड्रायव्हरकडं, गाडीत. एक प्रोब थर्मामीटर पण गाडीत, सेल बदललेले. आणि त्यांच्या क्वालिटीवाल्याचा रात्री उचलला जाणारा नंबर, ऑफिसचा नको.