त्रिनिदादची कला कशी अनुभवावी: पॅनयार्डपासून ताशापर्यंत

त्रिनिदादला जाणारे बहुतेक पर्यटक कार्निव्हलचे दोन दिवस गाठतात, मिरवणुकीचे फोटो काढतात आणि परततात. माझा आग्रह आहे की आठ-दहा दिवस आधी जा. या बेटावरची कला वस्त्यांच्या आवारात, रात्रीच्या तालमीत घडते. तिथे उभं राहायला तिकीट लागत नाही, आणि मिरवणुकीत जे निसटतं ते तिथे कळतं.

आधी तारखा, मग लस

कार्निव्हल 'अॅश वेन्सडे'च्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस) आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. 2027 मध्ये या तारखा 8 आणि 9 फेब्रुवारी आहेत. जानेवारीच्या शेवटी पोहोचलात तर तालमी ऐन रंगात असतात. हॉटेलं मात्र कित्येक महिने आधी भरतात.

भारतीय प्रवाशासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पीतज्वराची लस. त्रिनिदादहून भारतात परतताना या लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतात. लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या, आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. त्रिनिदादच्या व्हिसाचे सध्याचे नियम दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून तपासून घ्या. सामान भरताना लष्करी छापाचे कपडे वगळा, तिथे ते घालणं बेकायदा आहे.

पहिली रात्र पॅनयार्डची

स्टीलपॅन हे त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य. तेलाच्या पिंपातून जन्मलेलं हे वाद्य ऐकण्याआधी ते का जन्मलं हे माहीत असावं. 1881 साली राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये 'कॅनबुले'च्या मशाल मिरवणुकीवर पोलीस चालून गेले आणि लोकांनी लाठ्यांनी त्यांचा सामना केला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने ढोलांवर बंधनं आणली. ढोल गेला तर लोक बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरू लागले, पुढे बिस्किटांचे डबे आले, आणि 1940 च्या आसपास पत्र्याच्या पिंपावर ठोकून वेगवेगळे सूर काढता येतात हे गरीब वस्त्यांतल्या पोरांनी शोधून काढलं. 1951 मध्ये त्यांचा एक निवडक संच 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये वाजवायला लंडनला गेला.

पॅनयार्ड म्हणजे बँडचं सरावाचं मोकळं आवार. मूळचा लावेंटिल वस्तीतला 'डेस्परॅडोज', 'रेनेगेड्स', 'ऑल स्टार्स', वुडब्रुकचा 'फेज टू' ही त्यातली मोठी नावं. संध्याकाळी उशिरा जा. मोठ्या बँडमध्ये शंभराच्या आसपास वादक असतात, आणि त्यातले पुष्कळसे कागदावरचे सूर न वाचता, समोरच्याने वाजवून दाखवलेला तुकडा कानाने उचलतात. एकाच चार ओळींच्या तुकड्यावर अर्धा-अर्धा तास जातो. कंटाळून निघू नका, ऐकण्यासारखं तेव्हाच घडतं: एखादा विस्कटलेला तुकडा अचानक जुळून येतो आणि सगळं आवार उसळतं.

जवळून पाहायची जागा म्हणजे मधला 'इंजिन रूम'. इथे ढोल, काँगा आणि 'आयर्न' असतात. आयर्न म्हणजे मोटारीचा जुना ब्रेक ड्रम, लोखंडी कांबीने वाजवलेला. त्याचा खणखणाट सगळ्या बँडला एका लयीत बांधून ठेवतो. पिंपाच्या वरच्या पत्र्याला घणाने ठोकून खोलगट केलेलं असतं, मग त्यावर स्वरांचे भाग आखून, तापवून, हातोडीने एकेक सूर जुळवतात. वादकाची परवानगी घेऊन आत डोकावलंत तर ते आखलेले भाग स्पष्ट दिसतात. टेनर पॅनवर चाल वाजते, आणि बास वाजवणारा सहा किंवा त्याहून जास्त पूर्ण लांबीच्या पिंपांच्या मध्ये उभा राहून गरगर फिरत असतो. 1963 पासून चालत आलेल्या 'पॅनोरमा' स्पर्धेची अंतिम फेरी क्वीन्स पार्क सव्हानाच्या मैदानात होते. तीही पाहा, पण पॅनयार्डनंतर.

काही पॅनयार्ड असलेल्या वस्त्यांत रात्री एकट्याने भटकणं सुरक्षित नाही. मुक्कामाच्या ठिकाणी ओळखीची टॅक्सी ठरवा आणि तिनेच परत या.

कार्निव्हलची पहाट

कार्निव्हलआधीच्या शुक्रवारी पहाटे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅनबुलेच्या संघर्षाचा नाट्यप्रयोग रस्त्यावर होतो. तो चुकवू नका, पुढचं सगळं त्याने उलगडतं. सोमवारी उजाडण्याआधी 'जुवे' सुरू होतो: चिखल, तेल, रंग फासलेली माणसं नाचत निघतात. जुने, फेकून द्यायचे कपडे घाला आणि फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. मंगळवारच्या पिसांच्या आणि मण्यांच्या झगमगाटापेक्षा मला जुनी पात्रं जास्त मोलाची वाटतात: उंच काठ्यांवर चालणारे 'मोको जंबी', लांबलचक भाषण ठोकून पैसे मागणारा 'मिडनाइट रॉबर', आणि पॅरामिनच्या डोंगरातले निळे सैतान.

कॅलिप्सोच्या 'टेंट'मध्ये, म्हणजे जिथे हे गायक कार्यक्रम करतात तिथे, एक संध्याकाळ ठेवा. कॅलिप्सो म्हणजे गाण्यातून केलेली टीका, राजकारण्यांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची. मराठी माणसाला इथे एक धागा हाताशी आहे. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने याच पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. दिलीप सरदेसाईंचं शतक आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावस्करांची दोन अर्धशतकं त्या सामन्यातली. त्या मालिकेनंतर लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने गावस्करांवर गाणं रचलं. हरलेल्या बाजूच्या गायकाने पाहुण्याचं कौतुक गावं, ही या कलेची दिलदारी आहे. तिथल्या वयस्कर माणसापाशी हा विषय काढलात तर तासभर गप्पा नक्की.

एक पूर्ण दिवस मध्य त्रिनिदादला

1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 43 हजार भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर कराराने आणले गेले. बहुतेक भोजपुरी भागातले. पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट स्थानकाहून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी (सामायिक मिनीबस) पकडून चग्वानसला जा. वाटेत घरांच्या अंगणात बांबूंवर रंगीत झेंडे दिसतात, पूजा झाली की ते उभारतात.

न्याहारी रस्त्यावरच 'डबल्स'ची करा: हळदीच्या पिठाचे दोन मऊ तळलेले बारे, मध्ये छोल्यांची रस्सेदार भाजी, वर चिंचेची चटणी आणि कुचला (किसलेल्या कैरीचं लोणचं). तिखटाची सवय कितीही असली तरी पहिल्यांदा 'स्लाइट पेपर' म्हणा, तिथली मिरची वेगळ्याच जातीची आहे.

तिथून वॉटरलूला समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू या मजुराने 1947 मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीने ते पाडलं आणि त्यांना तुरुंगात धाडलं. बाहेर आल्यावर त्यांनी ठरवलं की समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, आणि सायकलवरून दगड, सिमेंट नेत वर्षानुवर्षं पाण्यात भर टाकली. आजची इमारत 1995 मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा उभी राहिली. जवळच इंडियन कॅरिबियन म्युझियम आहे. त्याच भागात, कारापिचाइमाला, 85 फुटी हनुमान आहे आणि त्याच्याशेजारी दत्तात्रेयाचं मंदिर. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांना तिथे परकं वाटणार नाही.

होसे: जमलं तर वेगळी फेरी

होसे म्हणजे त्रिनिदादचा मोहरम. तो चांद्र महिन्याने येतो, त्यामुळे तारीख दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी सरकते. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात बांबू, कागद आणि चकाकीचे ताबूत बनतात आणि शेवटी समुद्रात विसर्जित होतात. 1884 मध्ये सॅन फर्नांडोला अशाच मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात मजूर मेले. हिंदू आणि आफ्रिकन वंशाचे लोकही यात सामील होतात.

मिरवणुकीआधी ताशेवाल्यांजवळ थांबा. शेकोटी पेटवून मातीच्या ताशाचं कातडं शेकतात, आपल्याकडे हलगी शेकतात तसं, आणि बोटाने टिचकी मारून आवाज चढला का ते पाहतात. वाजवायला घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत कातडं उतरतं आणि ताशा परत आगीपाशी येतो. ताबूत बनवणारी घरं त्या काळात मांस-मद्य वर्ज्य करतात, म्हणून त्यांच्या आवारात पायताण काढून, विचारूनच पाय टाका, आणि हातातला कॅमेरा आधी खाली ठेवा. परवानगी मिळाली की बांबूला कागद कसा चिकटवतात हे ती माणसं हौसेने दाखवतात.