शिशाच्या टकरींचे विश्लेषण कसे सुरू करावे

इंदूरमध्ये घरबसल्या जड आयनांच्या (शिशासारख्या जड अणूंच्या विद्युतभारित केंद्रकांच्या) टकरी अभ्यासायच्या असतील, तर सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरून तिथल्या ॲलिस प्रयोगाची (आयआयटी इंदूरही त्यात सहभागी आहे) २०१० सालची शिसे-शिसे टकरींची खुली विदा (डेटा) घ्यावी. जड फाइल उतरेपर्यंत पोहे-जिलबी आटोपते. ती रूट या विदा-विश्लेषणाच्या संगणक प्रणालीत उघडून टक्कर समोरासमोरची की निसटती, हे निर्माण झालेल्या कणांच्या संख्येवरून आधी ठरवावे. ही पायरी मी एकदा गाळली आणि आठवडाभर आलेख जुळेना. मग ०.५ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात कणाचा मार्ग किती वाकला, यावरून आडवा संवेग (झोताच्या दिशेला लंब असलेला संवेग) काढावा. या संवेगाचे वितरण न्यूक्लिऑनांच्या (केंद्रकातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या) आपसांतील टकरींच्या संख्येने भागून त्याच ऊर्जेच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींशी ताडल्यास, क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मात (टकरीत तयार होणाऱ्या, मोकळ्या क्वार्क-ग्लुऑनांच्या अतितप्त द्रव्यात) ऊर्जा गमावल्यामुळे मोठ्या संवेगाचे कण अपेक्षेपेक्षा कमी भरतात.